सकवारपुरता जनरेटर

आमच्या हेमावतीला दुसरी मुलगी झाली आणि तिचं नाव प्रणिता ठेवलं, ते वर्ष १९९६. एप्रिल महिना होता. त्या उन्हाळ्यात बेंगळुरात रोज तीन-तीन, चार-चार तास लाईट जायची. आणि हेमाची आई, म्हणजे माझी बायको सकवार, दवाखान्यात होती.

हेमा बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेर म्हणजे बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या मागं आम्ही बांधलेलं दोन खोल्यांचं घर. आम्ही मूळचे खानापूरकडचे. मी इथल्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं जनरेटरवर होतो. सकवारनं घरात बसून वीस वर्षं उदबत्त्या वळल्या. उदबत्तीच्या पिठात कोळशाची भुकटी असते. हातांचं काळं साबणानं निघायचं, छातीतलं निघालं नाही. डॉक्टरांनीही हेच सांगितलं, फक्त त्यांना जास्त वेळ लागला.

"घरी न्या," ते म्हणाले, "पण ऑक्सिजनचं मशीन लावावं लागेल. भाड्यानं मिळतं. दिवसातले सोळा-सतरा तास नाकाला नळी. तुमच्या भागात लाईट गेली तर काय कराल?"

"जनरेटर बसवतो."

"मग आधी बसवा, आणि नंतर न्या."

मी खाटेजवळ गेलो. सकवारनं सगळं ऐकलं होतं.

"बारशाला मी घरात पाहिजे," ती म्हणाली. चार शब्द बोलून ती थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढचे चार. "आठ दिवस आहेत. तुमचा जन्म त्या मशिनापाशी गेला. एवढं एक जमायला नको?"

"जमतंय की."

"आणि पुन्हा इथं आणू नका मला. काय व्हायचं ते घरात होऊ दे."

हे ती हसत म्हणाली, पण माझा हात सोडला नाही.

घरी येऊन मी वही काढली. मी शाळेत गेलेला नाही. कारखान्यात दर तासाला लॉगबुकात आकडे लिहावे लागत, व्होल्ट किती, डिझेल किती, सेट किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद केला. पहिली कित्येक वर्षं ते माझ्यासाठी परसू लिहायचा. परसू म्हणजे माझा जोडीदार, त्याच शेडमध्ये फिटर. सकवार चौथी शिकलेली. तिला हे कळल्यावर तिनं उदबत्तीच्या पाटावर भुकटी पसरली, हातात काडी दिली आणि मला अक्षरं गिरवायला बसवलं. तेव्हा माझं वय बेचाळीस होतं. चुकलं की ती हातानं भुकटी सारखी करायची. पाटी पुसायला फडकंसुद्धा लागत नव्हतं.

तर मी यादी केली. प्रत्येक वस्तूच्या मागं एक छोटी पाटी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. ऑक्सिजनचं मशीन चारशे. पंखा सत्तर. ट्यूबलाईट चाळीस. तेवढ्यात हेमा बाळाला खांद्यावर घेऊन आली.

"आप्पा, फ्रिज धरा. बाळाचं औषध असतंय त्यात."

फ्रिज धरला.

"आणि पाणी तापवायची कॉइल. अंघोळीच्या वेळेला नेमकी लाईट जाती."

कॉइल धरली. मग मिक्सर, कारण आईला सगळं पातळ करून द्यायचं. मग दुसऱ्या खोलीतला पंखा, ट्यूब. इस्त्री. टीव्ही. बोअरची छोटी मोटर. बेरीज साडेतीन हजाराच्या आसपास गेली. मोटर चालू होताना पहिल्या झटक्याला तिप्पट ओढते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून मी सगळ्या बेरजेलाच तिनानं गुणलं. वर कारखान्याची रीत म्हणून दीडपट केलं. पंधरा हजारांच्या वर गेलं, म्हणजे सेटच्या भाषेत पंधरा केव्हीए.

संध्याकाळी परसू आला. त्यानं वही बघितली.

"बसू, ह्या पंधरा केव्हीएत घर चालवणार का थेटर?"

"कमी पडायला नको."

"अरे, कॉइल कधीपासून तिप्पट ओढायला लागली? इस्त्रीला काय मोटर असती काय?"

"असू दे."

"दुकानवाले साडेसहाशेचा छोटा सेट ठेवतात बघ, फूटपाथवर. तो आण. वहिनीचं मशीन चारशेचं. झालं की."

मी त्याला हसलो. "त्या मशीनमध्ये हवा दाबायचा कॉम्प्रेसर आहे, परसू. चालू होताना बाराशे मागेल. तुझा साडेसहाशेवाला तिथंच पाय वर करेल."

"मग दोन हजाराचा आण. पंधरा कशाला?"

खरं उत्तर असं होतं की मला भीती वाटत होती. एकोणीस वर्षं मी एकच गोष्ट बघितली होती, सेट लहान पडला की सगळं थांबतं. सेट मोठा असल्यानं काही बिघडलंय, असं कुणी कधी माझ्याकडं तक्रार घेऊन आलं नव्हतं.

जवळच एक कारखाना बंद पडला होता. त्याच्या शेडमध्ये पंधरा केव्हीएचा डिझेल सेट धूळ खात होता. मालक मला ओळखायचा. "गंजण्यापेक्षा तू ने," तो म्हणाला. टेंपोतून सेट आला, आठ माणसांनी फळ्यांवरून सरकवत घराच्या मागं नेला. मी दोन दिवस त्याच्यामागं लागलो होतो. फिल्टर, तेल, बॅटरी, वायरिंग, सगळं केलं. चालू केला तेव्हा खिडक्यांच्या काचा वाजल्या. शेजारच्या अंबुबाई धावत बाहेर आल्या. त्या जुन्या बेंगळुरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड.

"काय हो बसवंत अण्णा, विमान उतरवलं काय परसात?"

"जनरेटर आहे, अक्का. सकवारसाठी."

"एवढ्याशा बाईला एवढा?"

मी छाती पुढं काढून उभा होतो. त्यांचं बोलणं मी कौतुक समजून घेतलं.

सकवार बारशाच्या आदल्या दिवशी घरी आली. खाटेशेजारी मशीन ठेवलं. नळी सात फूट लांब होती. म्हणून पाळणा बाहेरच्या खोलीतून आत आणला आणि जिथंवर नळी पोचते तिथं टांगला. सकवारनं हात लांब करून बघितलं. पाळण्याची दोरी तिच्या हाताला आली.

"बरोबर आलं," ती म्हणाली. तेवढं बोलून ती सबंध संध्याकाळ दोरी हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बायका जमल्या. एका बाजूला हेमाची सासू, दुसऱ्या बाजूला सकवार. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं म्हणत बाळ पाळण्याखालून इकडून तिकडं द्यायचं. बाळ सकवारच्या हातात आलं आणि लाईट गेली. मशीन किंचाळायला लागलं. लाईट गेली की ते शिट्टीसारखं ओरडतं.

मी ह्याचीच वाट बघत होतो म्हणा ना. मागं गेलो, किल्ली फिरवली. सेट गरजला. आत मशीन पुन्हा धडधडायला लागलं, पंखा फिरला, बायकांनी "आली आली" केलं. मी हात पुसत परत निघालो, आणि दारातच थांबलो.

खिडकीतून धूर आत येत होता. काळा, जाड, डिझेलचा वास मारणारा. मी धुराचं नळकांडं मागच्या शेताच्या बाजूला वळवलं होतं, पण वारा शेताकडूनच होता. हेमाच्या सासूनं बाळ उचललं आणि ती बाहेर पळाली. बायका पदर तोंडाला लावून मागून गेल्या. सकवारला पळता येत नव्हतं. सात फुटांची नळी, आणि नळीच्या त्या टोकाला मशीन तोच धूर खोलीतून ओढत होतं. ती वाकून खोकत होती, आणि खोकता खोकता हात हलवून मला सांगत होती, बंद करा, बंद करा.

मी बंद केला. दवाखान्यानं ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर दिला होता, तासाभराचा. बाहेर थांबलेल्या परसूनं आत येऊन तो जोडला. मग हेमा रडायला लागली.

"आप्पा, आईला परत दवाखान्यात न्यायचं काय?"

सकवारनं मान हलवली. नाही. मग माझ्याकडं बघून, श्वास जमवत, म्हणाली, "बारशाला... ढग आणलासा की हो. पाऊस कधी?"

परसू हसला, हेमा रडता रडता हसली. मी मागं जाऊन त्या सेटजवळ बसलो.

मला माहीत होतं. हेच तर सगळ्यात वाईट. डिझेल इंजिनाला लोड लागतो. पंधराचं इंजिन अर्ध्यावर चालवलं तर नीट तापतं, नीट जळतं. त्याला एक मशीन, एक पंखा आणि एक ट्यूब दिली की त्याचं पोट भरत नाही. तेल अर्धवट जळतं आणि काजळी होऊन बाहेर पडतं. कारखान्यातही सुट्टीच्या दिवशी नुसते ऑफिसचे दिवे असले की आमचा मोठा सेट तोंड काळं करायचा. पण तिथलं नळकांडं तीस फूट उंच होतं. खाली मी लॉगबुक धरून उभा असायचो. धूर कुठं जातो, कुणाच्या खिडकीत शिरतो, हे मी कधी मान वर करून बघितलंच नाही.

तरीही मी लगेच शहाणा झालो नाही. मी म्हटलं, लोड कमी पडतोय ना, मग लोड वाढवू. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या पाच घरांना वायर दिली आणि सांगितलं, लाईट गेली की काय वाट्टेल ते लावा. इस्त्री लावा, कॉइल लावा, काही बंद करू नका. अंबुबाई इडलीचं पीठ वाटून दुकानांना द्यायच्या. त्यांचा दगडी ग्राइंडर फिरायला लागला. लोक इस्त्रीचे कपडे घेऊन बसले. आणि धूर खरंच विरळ झाला. दोन दिवस मी गल्लीत राजा होतो.

तिसऱ्या दिवशी अंबुबाई आल्या.

"अण्णा, माझं पीठ झालं. साड्या झाल्या, पडदे झाले. आता नवऱ्याचे रुमाल इस्त्री करतेय. अजून स्वल्प काय लावू सांगा."

"कॉइल लावा, अक्का."

"ह्या उन्हाळ्यात गरम पाण्यात कुणाला घालू?"

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दोन घरांनी इस्त्र्या बंद केल्या, आणि सेटनं भक्कन काळा गोळा बाहेर टाकला. मी गल्लीत ओरडत पळालो, "बंद करू नका! कुणी काही बंद करू नका!" लोक दारात येऊन बघत होते. पन्नाशी उलटलेला माणूस, बनियनवर, दुसऱ्यांना इस्त्री करा म्हणून विनवतोय.

लाईट आल्यावर सकवारनं हाक मारली. तिच्या खाटेजवळची खिडकी चार दिवस बंद होती. कडेला ओला टॉवेल कोंबलेला. एप्रिलच्या उकाड्यात ती त्या पेटीत बसली होती.

"वही आणा तुमची."

मी आणली. तिनं यादी वाचली, बोट ठेवत, अगदी हळू.

"ही यादी कुणाची हो?"

"घराची."

"घर दवाखान्यात होतं का मी?"

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"त्या आवाजात," ती म्हणाली, "पोरगी रडती का खिदळती, कळत नाही मला. पाळणा हाताशी आहे, आणि पोरगी कुठं तरी लांब गेल्यागत वाटतं. दवाखान्यात निदान शांत होतं." मग जरा थांबून, "पेन द्या."

तिनं कॉइलवर काट मारली. "पाणी चुलीवर तापतंय. बाहेर, अंगणात."

"बरं."

"मिक्सर लाईट आल्यावर. फ्रिज दोन तास बंद राहिला तर मरत नाही. टीव्ही कोण बघतंय?"

"हेमा."

"हेमाला पोरगी आहे बघायला." टीव्ही गेला. इस्त्री गेली, मोटर गेली. मग तिचं पेन पंख्यावर आलं.

"पंखा राहू दे," मी म्हटलं.

"हातातला विंझणा आहे की."

"सकवार, पंखा राहू दे. माझं एवढं ऐक."

तिनं माझ्याकडं बघितलं. पंखा राहिला. ट्यूबवर ती स्वतःच थांबली. "ही असू दे. तुम्हाला अंधारात वाचायची सवय नाही अजून."

यादीत तीन ओळी उरल्या. चारशे, सत्तर, चाळीस.

"आता मांडा गणित," ती म्हणाली. "आणि भीती धरून मांडू नका."

मी मांडलं. तिप्पट फक्त मशीनला, कारण दाबाची मोटर तिथंच. बाराशे. त्यात पंखा आणि ट्यूब मिळून एकशेदहा. तेराशे दहा. आणि तिन्ही एकदम लावायचे नाहीत. आधी मशीन, ते स्थिर झालं की पंखा, मग ट्यूब. थोडी जागा वर ठेवून दोन हजाराचा सेट. परसूनं पहिल्या संध्याकाळी उभ्या उभ्या सांगितलेला आकडा.

"परसूला सांगू नका," सकवार म्हणाली. "डोक्यावर बसेल."

पण सांगावं लागलंच, कारण दुकान त्याच्या ओळखीचं होतं. वेणुगोपाल म्हणून दुकानदार होता. मी त्याला म्हटलं, मी कागद बघून घेणार नाही, माझ्या घरी, माझ्या मशीनवर लावून दाखव. तो तयार झाला. रिक्षातून दोन सेट घेऊन आला, एक साडेसहाशेचा आणि एक दोन हजाराचा, दोन्ही पेट्रोलचे. सकवारला सिलिंडर लावला आणि चाचणी केली. छोटा सेट नुसता चालताना मांजरासारखा गुरगुरत होता. मशीनचं बटण दाबलं आणि तो दोन आचके देऊन मेला.

"बघ," मी परसूला म्हटलं.

"बरं, बघितलं. आता दुसरा लाव, म्हणजे मी पण बघ म्हणतो."

दुसरा लावला. मी इंजिनावर तळहात ठेवून उभा राहिलो. आमची तीच रीत. काटे नंतर बघायचे, आधी हाताला काय लागतं ते बघायचं. मशीन चालू झालं तसं इंजिन एकदा खाली बसलं, ओझं उचलताना माणूस गुडघ्यात वाकतो तसं. मग उठलं आणि एका लयीत चालायला लागलं. पंखा लावला, काही नाही. ट्यूब लावली, काही नाही. नळकांड्यातून धूर दिसत नव्हता.

"सरी?" वेणुगोपालनं कन्नडात विचारलं, बरोबर आहे ना म्हणून.

"सरी," मी म्हटलं.

तरी ह्या वेळी मी वारा बघितला. सेट घराजवळ ठेवलाच नाही. पलीकडच्या मोकळ्या जागेत, चाळीस पावलांवर, भिंतीच्या आडोशाला ठेवला आणि जाड वायर ओढून आणली. त्या संध्याकाळी लाईट गेली तेव्हा मी सेट चालू करून धावत आलो. मशीन लावलं, थांबलो, पंखा लावला, ट्यूब लावली. सकवारनं खिडकीचा ओला टॉवेल काढला आणि खिडकी उघडली. लांबून कुणी तरी जात्यावर दळतंय एवढाच आवाज येत होता. पाळण्यात प्रणिता कुरकुरत होती.

"ऐकू येतंय," सकवार म्हणाली. "भुकेजलीय. हेमाला बोलवा."

पंधराचा सेट जूनमध्ये एका मंगल कार्यालयाला दिला. तिथं त्याला रोज पोटभर लोड मिळाला, आणि नंतर कधी त्यानं धूर काढल्याचं मी ऐकलं नाही. हेमा तिसऱ्या महिन्यात सासरी गेली. पाळणा सोडून ठेवला. घरात आम्ही दोघं राहिलो.

मग सकवारनं एक लॉगबुक सुरू केलं. जुनी वही होती, त्यात रेघा मारल्या. लाईट किती वाजता गेली, सेट किती वाजता लागला, लाईट किती वाजता आली. मी सेट चालू करून चाळीस पावलं येईपर्यंत ती घड्याळ बघायची.

"आज दीड मिनिट. म्हातारे झालासा."

"चप्पल सापडत नव्हती."

"कारखान्यात असं सांगितलं असतं काय साहेबाला? लिहू काय, चप्पल म्हणून?"

लिहायचीसुद्धा. त्या वहीत चार ठिकाणी 'चप्पल' असं लिहिलेलं आहे. मी बटणाकडं हात नेला की ती खाटेवरूनच सांगायची, "मशीन... थांबा... अजून थांबा... आता पंखा." मी एकोणीस वर्षं हे काम केलेलं, पण तिचं सांगून होईपर्यंत मी हात उचलून थांबायचो. लाईट नसताना त्या एका ट्यूबखाली ती मला वाचायला बसवायची, आणि अडलो की लगेच सांगायची नाही.

अशी अडीच वर्षं गेली. दवाखान्यात तिला पुन्हा न्यावं लागलं नाही. दुसऱ्या वर्षी सोळा तासांचे चोवीस तास झाले. तिसऱ्या वर्षी लॉगबुकातलं अक्षर वाकडं व्हायला लागलं, आणि मग ती सांगायची आणि मी लिहायचो. चुकलं की ती वहीवरून नुसता तळहात फिरवायची, भुकटी सारखी केल्यासारखा.

शेवटची ओळ माझ्या एकट्याच्या हातची आहे. त्या दिवशी लाईट गेली नव्हती, म्हणून वेळेचे रकाने मोकळे आहेत. सकवार ११ डिसेंबर १९९८ रोजी, शुक्रवारी, सकाळी पावणेसात वाजता घरी वारली.